बघून येतंय

माझे घरमालक मेलेल्या माणसाला सहजासहजी मेलेला मानत नसत. गावात कोणी गेल्याची बातमी आली की बाकीची माणसं अंगावर पाणी घ्यायला विहिरीकडे वळत आणि हे कोपऱ्यातली काठी उचलून मयताच्या घराकडे. निघताना एवढंच म्हणत, "बघून येतंय." तिथे जाऊन तोंडावरचं कापड बाजूला करायचे, नीट बघायचे, "होय, गेलो," म्हणजे गेला, असं स्वतःशीच म्हणायचे आणि मग परत येऊन आंघोळ करायचे. मयताच्या घरची माणसं सुरुवातीला रागावत. पुढे पुढे ती यांच्यासाठी थोडं थांबायला शिकली.

हे फक्त मरणापुरतं नव्हतं. देवबागपर्यंत एसटी येणार ही बातमी मी तिथे गेलो त्याच्याही आधीपासून अधूनमधून येत असे. बातमी आली की मालक सकाळी तारकर्लीच्या वाटेवर चक्कर मारून येत आणि बायकोला सांगत, "नाय इली." कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या जाळ्यात मोठा मासा सापडला, कोणाचा मुंबईचा मुलगा आला, काहीही असो, हे आधी जाऊन बघणार. बघितल्याशिवाय आनंद नाही आणि बघितल्याशिवाय दुःखही नाही. मी घाटावरचा माणूस. आमच्याकडे अशाला सरळ वेडा म्हणतात आणि मोकळे होतात. कोकणातली माणसं त्याला नावं ठेवण्यात वर्षं घालवतात, आणि तेवढ्यात त्याच्यावर त्यांचा जीव जडलेला असतो.

संयुक्त महाराष्ट्र झाला त्याच्या आगेमागे माझी बदली देवबागच्या मराठी शाळेत झाली. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर माड, माणसं आणि आमची शाळा. पहिले कित्येक दिवस मला नीट झोप लागली नाही. दोन्हीकडचं पाणी एकमेकांशी बोलत असताना मध्ये आपण पडून राहणं मला बरं वाटत नसे. राहायला एका घराची पडवी मिळाली. सामान घेऊन गेलो तर मालक घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उभे होते. पस्तिशीला टेकलेला, डोक्याचे केस पुढून गेलेला, पण गोरा, नाकेला माणूस. माझ्याशी बोलले ते सगळं तोंड उजवीकडे वळवून. माझ्याकडे एकदाही सरळ बघेनात. मला वाटलं, माणूस तरी शिष्ट आहे किंवा मान तरी धरलेली आहे.

मालकिणीला, म्हणजे वहिनींना, माझ्या चेहऱ्यावरून ते कळलं असावं. "मान धरूक नाय हा तेंची, मास्तर," त्या दारातूनच म्हणाल्या. "डावी बाजू बरी दिसता म्हणान तशे उभे रवतत. सिनेमात होते ते."

होते ते खरंच होते. बोलपट नवे होते तेव्हाची गोष्ट. मालकांचे मामा कोल्हापुरात एका सिनेमा कंपनीत सुतारकाम करायचे. कुरळ्या केसांचा, सहा-सात वर्षांचा भाचा सुट्टीत त्यांच्याकडे गेला आणि कंपनीच्या लोकांनी त्याला उचलून डोक्यात मोरपीस खोचलं. एका पौराणिक चित्रात तो बाळकृष्ण झाला. चित्र इतकं चाललं की पुढची चार-पाच वर्षं हा पोरगा कधी कृष्ण, कधी कुणा राजाचा हरवलेला मुलगा, कधी विधवेचा आजारी मुलगा असं करत राहिला. मग ओठावर लव आली, आवाज फुटला, आणि कंपनीला दुसरा पोरगा मिळाला. हे तिथेच पडेल ते काम करत काही वर्षं राहिले आणि मग देवबागला परत आले. चार माड होते, खाडीत नारळाची सोडणं कुजत घालायची जागा होती. काथ्याचं सुंभ वळायला लागले. वळताना हातांकडे बघत नसत. बघत समोर, कुठेतरी लांब, आणि चेहरा असा प्रसन्न की जणू समोर कोणी सिनेमाचं यंत्र लावून बसलं आहे.

सिनेमाने त्यांच्या अंगाला लावलेल्या सवयी गेल्या नव्हत्या. एकदा 'इथे उभे राहा' म्हटलं की तिथून हलायचे नाहीत. सव्वीस जानेवारीला आमच्या हेडमास्तरांनी त्यांना झेंड्याच्या दोरीपाशी उभं केलं. झेंडा झाला, भाषण झालं, पोरं खाऊ घेऊन पळाली, आम्ही शाळेला कुलूप लावून निघालो, तरी हे उन्हात उभेच. विचारलं तर म्हणाले, "तुमी 'झाला' म्हणाक नाय."

लोण्याचं तर विचारूच नका. ज्या प्रसंगासाठी ते सगळ्या मुलखाला ठाऊक झाले, तो अर्थातच लोणी चोरून खाण्याचा. दिव्यांच्या उष्णतेने लोणी विरघळायचं, म्हणून कंपनीने मैदा कालवून गोळे केले होते. ते कच्चे गोळे गिळत, तोंडाला फासत, वर गालात हसत या पोराने अख्खा दिवस काढला. लोक चित्र बघताना मिटक्या मारत होते म्हणे. हे त्या दिवसापासून मैद्याच्या वाटेला गेले नाहीत. देवबागात दारावर पाववाला यायचा, सगळं गाव चहाबरोबर पाव खायचं, आणि मालक पाववाल्याची घंटा ऐकली की माडात जाऊन उभे राहायचे.

शेजारची एक म्हातारी मात्र त्यांना अजून देवच मानायची. तिने ते चित्र तरुणपणी मुंबईत, घरकाम करत होती तेव्हा पाहिलं होतं आणि पडद्यासमोर नारळ फोडला होता. दर गोकुळाष्टमीला ती पाट मांडून यांना बोलावी, कपाळाला गंध लावी आणि पहिला नैवेद्य यांच्यापुढे ठेवी. टक्कल पडलेला बाळकृष्ण पाटावर मांडी घालून बसायचा आणि दरवर्षी न चुकता सांगायचा, "मी देव नाय गो आये. मी सुंभ वळतंय."

"देव असोच सांगता," म्हातारी म्हणायची, आणि वाटी पुढे सरकवायची.

वहिनी बांद्याच्या. वडिलांचं बाजारात छोटं दुकान. बांद्याला तंबूत आलेलं ते जुनं चित्र त्यांनी लहानपणी बापाच्या मांडीवर बसून बघितलं होतं, आणि पुढे स्थळ आलं तेव्हा घरात कोणी दुसरं नावच काढू दिलं नाही. "माका वाटला देवाबरोबर लगीन होता," त्या मला सांगायच्या, मालक ऐकतील एवढ्या आवाजात. "माळ घातलंय आणि बघतंय तर सुंभवालो." मालक तोंड डावीकडून दाखवत हसायचे. त्या दोघांचं चांगलं चाललं होतं, हे मला त्या चेष्टेवरूनच कळायचं.

तर या बघून येण्याच्या खुळाला गाव हसायचं. ते हसणं थांबलं ते आरोंद्याच्या चुलतभावामुळे. हा भाऊ वारल्याचा निरोप मालवणच्या बाजारातून कोणीतरी आणला. घरात सुतक लागलं, वहिनींनी मासे बंद केले, शेजारीपाजारी येऊन बसून गेले. मालकांनी काठी घेतली. आरोंदा म्हणजे जवळजवळ गोव्याची हद्द. तेव्हा मिळेल त्या होडीने, मिळेल त्या गाडीने आणि बाकीचं पायी जायचं. ते परत आले तेव्हा हातात सुक्या माशांचं पुडकं होतं. "तो जेवत होतो," ते म्हणाले. "माका पण वाढल्यान." गेला होता तो त्याच नावाचा पलीकडच्या वाडीतला माणूस. वहिनींना दीर वाचल्याचा आनंद झालाच, पण इतके दिवस मासे उगाच सोडले याचा रागही लपला नाही. गावात मात्र त्या दिवसापासून मालकांच्या काठीला मान आला. बातमी पक्की आहे का असं कोणी विचारलं तर लोक म्हणायचे, "ते बघून येवंदेत."

मला कारण कळलं ते एका दुपारी. मी पडवीत वह्या तपासत होतो, ते खळ्यात सुंभ वळत होते. मी सहज विचारलं की लहान पोराला रडण्याचं काम कसं जमतं. त्यांनी हात थांबवले नाहीत.

"दिग्दर्शकांनी माका बाजूक घेतल्यानी," ते म्हणाले. "डोक्यार हात ठेवल्यानी. सांगल्यानी, बाळ, तुझी आई गेली रे. मी जो काय रडलंय मास्तर, थंय उभी होती ती माणसापण रडली. मगे दिग्दर्शकान माका उचलल्यान आणि पेढो दिल्यान. तो म्हणालो, आई बरी आहे, वेड्या. काम फर्मास झालं."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"दुसऱ्या टायमाक पण तो ताच बोललो. आणि मी परत खरा धरलंय. आवस ती. कोण म्हणता गेली, तर लहान पोर काय करतला? तिसऱ्या टायमाक मात्र मी तयार होतंय. सांगल्याबरोबर रडलंय आणि पेढ्यासाठी हात पुढे केलंय."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मामा तार घेऊन कंपनीत धावत आले. आई खरोखरच गेली होती, तापाने. पोराने मामांच्या तोंडाकडे बघितलं, नीट उभा राहिला, डावी बाजू पुढे केली आणि सुरेख रडला. मग डोळे पुसून इकडेतिकडे बघायला लागला. यंत्र कुठे दिसेना.

"मामान माका गाडयेत घातल्यान, मगे बोटीत घातल्यान," मालक म्हणाले. "घराकडे पोचासर माका वाटत होता, आता कोण तरी पेढो देतलो. घरात गेलंय, चुलीकडे बघितलंय. ती नव्हती. मगे माका रडूक इलाच नाय. रडून झाला होता."

माझ्या हातातली वही तशीच राहिली. त्यांनी वळलेल्या सुंभाची गुंडी केली आणि आत ठेवून आले.

सिनेमा त्यांनी पुन्हा बघितला नाही. दशावतार मात्र एक सोडत नसत. जत्रेत देवळाच्या आवारात रात्रभर चालणारा तो खेळ मी प्रथम पाहिला तो त्यांच्याच बरोबर. राजा होणारा माणूस आमच्यादेखत तोंडाला रंग लावत होता आणि मुकुट मांडीवर ठेवून विडी ओढत होता. मी हसलो. मालक गंभीरपणे म्हणाले, "हंय कोण कोणाक फसवणा नाय, मास्तर. राजा खयच्या वाडीतलो ता पोरासोरांका म्हायत. तरी राणी मेली काय तो रडता, आणि आमी पण रडताव." मला तेव्हा ते नुसतं बोलणं वाटलं होतं.

त्यांना एकच मुलगी होती, आठ वर्षांची, माझ्याच वर्गात. घरात सगळे तिला बाय म्हणत. मालकांनी तिला कधी कसलीही थाप मारली नाही. बागुलबुवा नाही, कावळ्याने खाऊ नेला नाही, चंद्र मामा नाही. देवी टोचायला माणूस आला तेव्हा बाकीचे बाप पोरांना 'मुंगी चावेल एवढंच' म्हणून धरून आणत होते. मालकांनी तिला सांगितलं, "दुखतला. दोन दिवस हात वर जावचो नाय." ती गेली, टोचून घेतलं, दुखलं, आणि दोन दिवस हात वर गेला नाही. वहिनी म्हणायच्या, असा बाप देवाने शत्रूला देऊ नये. पण पोर कोणाला घाबरत नसे आणि कोणावर संशयही घेत नसे. तिला कोणी काही सांगितलं तर ती ते खरंच धरायची. तिच्या घरात खोटं बोलायची पद्धतच नव्हती.

आणि नकला. शाळा तपासायला आलेले साहेब पाठमोरे होताच ही त्यांच्यासारखी पोट पुढे काढून चालायची. गावचा मानकरी गावकार, पाववाला, खोकणारी म्हातारी, अंड्यावर बसलेली कोंबडी, आणि मी. माझी नक्कल मी एकदा चोरून पाहिली आणि त्या दिवसापासून खडू कानावर ठेवणं सोडलं. सगळे हसायचे. बाप हसायचा, पण मग उठून कुठेतरी जायचा.

एका वर्षी दिवाळीनंतर मुंबईची सिनेमावाली मंडळी देवबागला आली. खाडीच्या मुखाशी त्यांनी माडाच्या झापांची झोपडी उभारली. कोळ्याच्या घरची गोष्ट होती. लहान मुलगी किनाऱ्यावर बापाच्या होडीची वाट बघते, होडी येत नाही, आणि ती रडते, असा शेवटचा प्रसंग. मुंबईहून आणलेल्या पोरीला आल्या आल्या ताप भरला आणि आई तिला घेऊन परत गेली. मंडळी डोक्याला हात लावून बसलेली असताना दिग्दर्शकांच्या मागे कोणीतरी हसलं. त्यांनी वळून पाहिलं तर आमची बाय त्यांच्याचसारखे दोन्ही हात डोळ्यांपुढे चौकोनी धरून समुद्र बघत होती.

त्याच संध्याकाळी दिग्दर्शक घरी आले. मालकांनी त्यांना पाणी दिलं, गूळ दिला आणि नाही म्हणून सांगितलं. पोर जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही जेवली नाही. वहिनींनी भांडी आपटली. "तुमी देव होवन इलास," त्या म्हणाल्या, "तिका एकदा माणूस तरी होवंदेत." मला मध्यस्थी करायला सांगण्यात आलं. मी काय सांगणार? पोरीला ते काम येतं, हे मला दिसत होतं. बापाला कसली भीती आहे, हेही मला ठाऊक होतं. मी दोन्ही त्यांच्यासमोर बोलून दाखवलं. त्यांनी हातातलं सुंभ बाजूला ठेवलं. मग उठून झोपडीकडे गेले. मीही गेलो.

तिथे त्यांनी जी मराठी काढली ती मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. त्यांच्या काळच्या बोलपटातली असणार. "कन्या आपल्या स्वाधीन करतो," ते म्हणाले. "मात्र एक अट आपण मान्य करावी. तिला जे सांगाल ते सत्य सांगावं. रडायचं असेल तर रड म्हणावं. खोटं सांगून तिला रडवू नये."

"अहो, अगदी," दिग्दर्शक म्हणाले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, फार घाईत होते इतकंच.

मालकांचा त्या 'अगदी'वर विश्वास बसला नाही. देवबागात काम सुरू करण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालायची रीत आहे. गावकार नारळ हातात घेऊन देवापुढे सगळं बोलतो आणि जमलेले सगळे 'होय म्हाराजा' म्हणून त्याला होकार भरतात. तो होकार म्हणजे देवासमोर दिलेला शब्द. मग माघार नाही. मालक आदल्या दिवशी गावकाराच्या कानाला लागले. सकाळी वाळूत नारळ ठेवून गावकाराने हात जोडले.

"बा रवळनाथा, बारा-पाचाच्या देवा म्हाराजा. आज ही मुंबयची मंडळी तुझ्या दर्यार सिनेमो काढूक इलीहत. तेंच्या कामात काय इडापिडा आसात ती दूर कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आणि ह्या आमच्या चेडवाक कोणी खोटा सांगून रडयल्यान, तर तेचा काय ता तू बघून घे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

दिग्दर्शकांना मालवणी फारशी कळत नव्हती. त्यांना तो सगळा प्रकार फार आवडला आणि ते सगळ्यात मोठ्याने 'होय महाराजा' म्हणाले.

पहिले दोन दिवस कामाचे सुखाचे गेले. बायने जाळं ओढलं, भात रांधला, बापाचं काम करणाऱ्या नटाला पोटभर शिव्या दिल्या. प्रत्येक वेळी तिला काय खरं आणि काय खेळातलं हे मालक आधी सांगत आणि ती मान डोलावून कामाला लागे. यंत्रामागची माणसं तिच्यावर खूष होती. मालकही तिसऱ्या दिवशी सकाळी हसत होते. रडण्याच्या प्रसंगासाठी डोळ्यांना लावायची ग्लिसरीनची बाटली रात्री कोणीतरी लवंडली होती आणि ती आणायला मालवणच्या बाजारात कोणी जावं असा प्रश्न होता. "मी हाडतंय," मालक म्हणाले. निघताना मला म्हणाले, "ग्लिसरीन बरा, मास्तर. तेच्यात फसवणूक नाय. लावणाऱ्याक म्हायत, लावून घेणाऱ्याक म्हायत." आणि किनाऱ्याकिनाऱ्याने चालू लागले.

मालवणला पायी जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडतो. दुपार टळली, ऊन पिवळं झालं. दिग्दर्शकांना समुद्रावरचा तोच उजेड हवा होता, आणि दुसऱ्या दिवशी मंडळींचं सामान निघायचं होतं. मालकांचा पत्ता नव्हता. दिग्दर्शक येरझाऱ्या घालायला लागले आणि मग शेजारच्या म्हातारीपाशी जाऊन हळू आवाजात म्हणाले, "आजी, पोरीला एवढं सांगा, तुझ्या बापाची होडी उलटली. मालवणहून येताना होडीत बसला होता म्हणावं. फक्त घटकाभर."

म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. "मी होय म्हाराजा म्हटलंय, बाबा," ती म्हणाली. "जिभेक किडे पडतले माझ्या."

ते गावकाराकडे गेले. गावकाराने मान फिरवली. ते माझ्याकडे आले. "मास्तर, तिचा तुमच्यावर विश्वास आहे. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला काम कळतं." मी म्हणालो, "साहेब, मीही होय महाराजा म्हटलं आहे. आणि तुम्हीसुद्धा." त्यांना ते खरोखर कळलं नाही. असल्या रितीने कुठे चित्रं होतात, असं काहीसं पुटपुटत ते सरळ यंत्रापाशी गेले, माणसाला खूण केली आणि बायसमोर गुडघ्यावर बसले.

त्यांनी काय सांगितलं ते लाटांमुळे आम्हाला ऐकू आलं नाही, पण गरज नव्हती. पोरीने समुद्राकडे बघितलं. मग पुन्हा त्यांच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. रडली नाही लगेच, तोंड उघडं राहिलं नुसतं. मी धावलो, पण माझ्याआधी म्हातारी पोचली होती. ती लुगडं गुडघ्यापर्यंत उचलून थेट यंत्रासमोरून गेली आणि पोरीला तिने पोटाशी धरलं. "खोटा गो, खोटा. बापूस तुझो बाजारात गेलोहा. बाटली हाडूक गेलोहा." मग सगळं गावच मध्ये घुसलं. बायका, तांडेल, शाळेतली पोरं, सगळे एकदम तेच सांगत होते. यंत्रावरच्या माणसाने कपाळावर हात मारला.

मालक आले ते त्या गर्दीत. हातात कागदात गुंडाळलेली बाटली होती. गर्दीने त्यांना वाट करून दिली. त्यांनी मुलीसमोर बसून विचारलं, "तुका काय सांगल्यानी?"

"तुझी होडी उलाटली म्हणान," ती म्हणाली.

मालक उठले. दिग्दर्शक घाईघाईने म्हणाले, "चुकलं आमचं. पण आता बाटली आलीये, उजेड अजून आहे. एकदाच करू." मालकांनी बाटली त्यांच्या हातात दिली. "कन्या मी घेऊन जातो," ते त्याच जुन्या मराठीत म्हणाले, आणि पोरीला उचललं.

आणि तेव्हा ती रडली. हातपाय झाडत, बापाच्या पाठीवर बुक्के मारत, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी. "माका रडूक येता! माका नुसता सांगूचा होता, रड म्हणान. मी रडलंय असतंय. माका येता रडूक. माका सोड." दिग्दर्शक हातात बाटली घेऊन तिच्याकडे बघत उभे राहिले. बाप तिला घेऊन माडांतून निघून गेला.

मंडळी दुसऱ्या दिवशी गेली. शेवटचा प्रसंग त्यांनी दुसऱ्याच कोणा पोरीवर पाठमोरा उरकला, असं पुढे कानावर आलं. गावाने मालकांची पाठ थोपटली. गावकार म्हणाला, शब्द म्हणजे शब्द. मला मात्र पोरीचं ते ओरडणं विसरता येईना. बाप चुकला असं मी म्हणू शकत नव्हतो, आणि ती चुकली असंही नाही. तिला काम येत होतं. ते तिच्या हातातून गेलं होतं, आणि नेलं होतं ते बापाने.

तिने बापाशी बोलणं टाकलं. "तेंका सांग, पेज वाढलीहा," असं आईला सांगायची, बाप समोर बसलेला असताना. नकला बंद झाल्या. वर्गात हात वर करीना. मालक सकाळी काठी घेऊन निघत आणि कुठलीच बातमी नसताना उगाच फिरून येत. एकदा मला म्हणाले, "मी तिका वाचवलंय का कोल्हापुरातल्या त्या पोराक, कळणा नाय मास्तर." हे म्हणताना त्यांचं तोंड सरळ माझ्याकडे होतं.

जाड दोर वळायचा तर दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. एकाने पीळ देत मागे मागे जायचं आणि दुसऱ्याने टोक ताणून धरायचं. हे काम बायचं होतं, पण त्या दिवसांत वहिनी धरायच्या. एका दुपारी वहिनी बाजाराला गेल्या होत्या. मी पडवीत होतो. मालकांनी टोक माडाला बांधून पाहिलं, ते सुटलं, पुन्हा बांधलं, पुन्हा सुटलं. बाय पायरीवर बसून हे बघत होती. शेवटी उठली, एक शब्द न बोलता टोक हातात घेऊन उभी राहिली.

मालक पीळ देत मागे जायला लागले. जाता जाता सांगायला लागले. कोल्हापूर, मामा, दिग्दर्शकाचा डोक्यावरचा हात, पेढा, तार, चुलीपाशी नसलेली आई. मला जे सांगितलं होतं ते सगळं. दोर वाढत गेला तसे ते लांब गेले आणि आवाज थोडा चढवून सांगत राहिले. समोर बसून त्यांना ते जमलं नसतं. त्या दिवशी त्यांनी तिला दुसरंही सांगितलं. "तुका येता, ह्या माका म्हायत होता," ते म्हणाले. "मी घाबारलंय. तुझा काम मी घालवलंय, बाय."

पोरीने टोक आणखी ताणून धरलं.

"तू खोट्याक रडलंस," ती म्हणाली. कित्येक दिवसांनी थेट बापाशी.

"होय."

"आणि खऱ्याक रडलंसच नाय?"

"नाय."

"मगे आता रड."

मालक हसले. म्हणजे हसल्यासारखं केलं. "आता खंय, बाय. एवढी वर्सा झाली. आणि लोक बघतले."

तिने खळ्यात चौफेर नजर टाकली. कोणी नव्हतं. मग तिला पडवीत मी दिसलो.

"मास्तरांनू," ती म्हणाली, "तुमी भितर जावा."

मी आत गेलो आणि दार लोटून घेतलं. खिडकी होती, पण तिकडे गेलो नाही. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, दोर टाकून दोघं गेली असतील. मग रडणं ऐकू आलं, आणि ते पोरीचं नव्हतं. आधी अडखळत, मग मोठ्याने, श्वास न पुरणारं. ते काही केल्या थांबेना. मध्येच तिचा आवाज आला, शांत, काम करणाऱ्या माणसाचा.

"रड तू. पण तुझ्याकडचा टोक सोडू नको हां. पीळ जातलो."